छपाई सर्वांत शेवटी: जळगाव-धुळ्यात राहून बोर्ड गेम रचणाऱ्यांसाठी कामाचा क्रम

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या काठी फड पद्धत नावाची सिंचनाची जुनी व्यवस्था आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे विभाग, म्हणजे फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक घ्यायचे आणि पुढे पिकांचा फेरपालट करायचा. साधारणपणे प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असते. त्यामुळे पाणी कमी असलेल्या वर्षी एखादा फड पडीक ठेवला, तर त्याची झळ सर्वांना सारखी बसते. पाणी फिरवण्यासाठी पाटकरी नेमलेला असतो.

खेळ रचणाऱ्याच्या नजरेला या वर्णनात पट, सोंगट्या, खेळाडू आणि पेच असे सगळे दिसते. पण तिथून तयार डब्यापर्यंतची वाट लांब आहे आणि ती कोणत्या क्रमाने चालायची यावर बरेच अवलंबून असते. बहुतेक नवे रचनाकार चित्रे आणि छपाई फार लवकर करतात आणि खेळ तपासतात फार उशिरा. म्हणून फडाचाच विषय उदाहरणाला घेऊन हा क्रम टप्प्याटप्प्याने पाहू.

तयारी

१. उत्पन्नाचा आधार कायम ठेवून वेळ बांधून घ्या. ‘कॅटन’ हा जगभर खेळला जाणारा खेळ १९९५ मध्ये जर्मनीत प्रकाशित झाला. त्याचे रचनाकार क्लाउस टॉयबर दंततंत्रज्ञ होते आणि खेळ गाजल्यावरही काही वर्षे त्यांनी तो व्यवसाय सोडला नाही. आपणही नोकरी, शेती किंवा दुकान सांभाळूनच सुरुवात करा. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी रचनेसाठी आणि रविवारची दुपार चाचणीसाठी राखून ठेवा. पहिल्या खेळाला दीड-दोन वर्षे लागतील असे धरून चला.

२. वीस खेळ खेळा आणि त्यांची उकल करा. सारीपाट, नवकंकरी आणि वाघ-बकरी हे घरचे खेळ यात असू द्या. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाची रचनाही पाहा: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पत्ते, एकूण १२० पत्ते. आधुनिक खेळांत ‘कॅटन’ आणि सर्वांनी मिळून खेळायचा ‘पँडेमिक’ नक्की खेळा. प्रत्येक डावानंतर तीन गोष्टी लिहा: खेळाडूला खरी निवड किती वेळा करावी लागली, आपली पाळी येईपर्यंत किती थांबावे लागले, आणि कोण जिंकणार हे कधी कळून चुकले.

३. विषयाचा गाभा एका प्रश्नात मांडा. ‘फड पद्धतीवर खेळ’ एवढ्याने काम भागत नाही. ‘पाणी अपुरे असताना कोणता फड पडीक ठेवायचा आणि तो निर्णय सर्वांच्या गळी कसा उतरवायचा?’ हा प्रश्न मात्र खेळता येतो. प्रत्येक पाळीत खेळाडूला याच प्रश्नाचे एखादे रूप सोडवावे लागले पाहिजे. ज्या नियमाचा या प्रश्नाशी संबंध नाही तो कितीही मजेदार वाटला तरी वेगळ्या पानावर लिहून बाजूला ठेवा.

४. विषय प्रत्यक्ष जाऊन पाहा. साक्री तालुक्यात पांझरेच्या काठाने एक दिवस चाला. बंधारा, पाट, चारी पाहा आणि पाणी फिरवणाऱ्यांशी बोला. त्यांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे टिपा, कारण पुढे पत्त्यांवर तेच शोभतील. इतिहासाचा विषय असेल तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुनी कागदपत्रे आणि पोथ्या आहेत. गांधीजींच्या जीवनावर काम करायचे असेल तर जळगावात जैन हिल्सवर गांधीतीर्थ आहे. एखाद्या माणसाची हकिगत खेळात वापरायची असेल तर त्यांची परवानगी घ्या.

पहिला नमुना

५. दोन तासांत कच्चा नमुना तयार करा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे पत्ते कापा. चिंचोके, तुरीचे दाणे, शर्टाची बटणे आणि कवड्या यांच्या सोंगट्या करा. पट पेन्सिलने काढा म्हणजे खोडता येईल. या टप्प्यावर चित्र काढू नका आणि संगणकही उघडू नका. ज्या वस्तूवर आपण मेहनत घेतली ती बदलायला आपला हात धजत नाही, आणि हा नमुना तर पुढे अनेकदा बदलायचा आहे.

६. आधी एकट्याने चारही बाजू खेळा. चार खुर्च्या मांडा आणि प्रत्येक पाळीला जागा बदला. एक खेळाडू हावरट, एक सावध, एक सूड घेणारा आणि एक नवखा असे समजून चाली करा. खेळ अडकतो कुठे, एकच चाल प्रत्येक वेळी फायद्याची ठरते का, पहिली पाळी मिळालेल्याला अवाजवी लाभ होतो का, हे इथेच दिसते. पाच डाव असे झाल्याशिवाय दुसऱ्या कोणाचा वेळ घेऊ नका.

७. आकडे कागदावर मांडा. समजा, नदीला किती पाणी आले हे सहा कवड्या टाकून ठरवायचे आहे आणि जितक्या कवड्या उताण्या तितके पाण्याचे वाटे. उताणी आणि पालथी पडण्याची शक्यता समान धरली, तर एकूण ६४ प्रकारे दान पडू शकते. एकही उताणी नाही असा १ प्रकार. एक उताणीचे ६, दोनचे १५, तीनचे २०, चारचे १५, पाचचे ६ आणि सहाही उताण्यांचा पुन्हा १. भास्कराचार्यांनी लीलावतीत, म्हणजे शके १०७२ किंवा इ.स. ११५० मध्ये, सहा रसांच्या मिश्रणांचे जे उदाहरण दिले आहे, त्याचे उत्तर याच आकड्यांचे आहे: ६, १५, २०, १५, ६, १. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणादेवी परिसरात आहे. खेळ रचणाऱ्याला रोज लागणारे हे गणित आपल्या भागाला परके नाही.

८. त्या आकड्यांवरून नियम ठरवा. फक्त शून्य दानाला दुष्काळ म्हटले तर तो ६४ पैकी एकदाच येईल आणि आठ हंगामांच्या बहुतेक डावांत दिसणारच नाही. शून्य किंवा एक या दोन्हीला दुष्काळ म्हटले तर ६४ पैकी ७ वेळा, म्हणजे आठ हंगामांत सरासरी एकदासुद्धा नाही. शून्य ते दोन धरले तर ६४ पैकी २२ वेळा, म्हणजे एका डावात सरासरी पावणेतीन दुष्काळ. आपल्या खेळाला हाच आकडा हवा, कारण टंचाई हाच त्याचा गाभा आहे. खऱ्या कवड्या मात्र दोन्ही बाजूंना सारख्या पडत नाहीत. म्हणून आपल्या संचातल्या कवड्या दोनशे वेळा टाका, प्रत्यक्ष दाने मोजा आणि मगच नियम पक्का करा.

चाचणी

९. घरच्या माणसांपासून सुरुवात करा. खानदेशात यासाठी आखाजीसारखा, म्हणजे अक्षय्य तृतीयेसारखा, दिवस नाही. लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, आणि पत्त्यांचे डावही रंगतात. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी कोणी बाहेर पडत नाही, त्यामुळे ओसरीवर चार माणसे सहज मिळतात. डाव पैशांशिवाय ठेवा. डाव संपल्यावर ‘आवडला का?’ असे विचारू नका. घरचे लोक हो म्हणतील. ‘कोणत्या वेळी कंटाळा आला?’, ‘कोणती चाल करताना विचार करावा लागला?’, ‘पुन्हा खेळलात तर वेगळे काय कराल?’ असे विचारा.

१०. नोंदवही शिस्तीने ठेवा. प्रत्येक डावाला एक पान द्या: तारीख, नमुन्याचा क्रमांक, खेळाडूंची संख्या आणि वये, डावाला लागलेला वेळ, अंतिम गुण, आणि अडखळण्याच्या जागा. दोन चाचण्यांच्या मध्ये एकच गोष्ट बदला. पाण्याचे वाटे, पिकांची किंमत आणि हंगामांची संख्या एकदम बदलली तर सुधारणा कशामुळे झाली हे कळणार नाही. काढून टाकलेले नियमही तारखेसह जपा. त्यांतला एखादा पुढच्या खेळात उपयोगी पडतो.

११. मग अनोळखी लोकांपुढे जा. महाविद्यालयातला गट, सार्वजनिक वाचनालय, सोसायटीचे सभागृह, शिक्षकांची बैठक, जिथे टेबल आणि दीड तास मिळेल तिथे. नियम एकदा सांगा आणि गप्प बसा. कोणी चुकीची चाल केली तरी लगेच दुरुस्त करू नका, आधी टिपून घ्या. बोलण्यापेक्षा हातांकडे पाहा. हात सोंगटीपर्यंत जाऊन थबकला, तर तिथे एक तर चांगला पेच आहे किंवा नियम कळलेला नाही. रंगात आलेला खेळाडू आपोआप अहिराणीत बोलू लागतो. ‘आते मी काय करू?’ हे वाक्य कोणत्या क्षणी आले ते लिहा. दोन्ही शक्यतांतली खरी कोणती ते त्यावरून कळते.

१२. सूचना ऐका, पण उपाय स्वतः शोधा. खेळाडू म्हणतील, ‘आणखी पत्ते टाका’, ‘फासा जोडा’. त्यामागची तक्रार बहुतेकदा खरी असते. सुचवलेला उपाय मात्र अनेकदा वेगळ्याच खेळाला लागू पडणारा असतो. ‘आणखी पत्ते टाका’ याचा अर्थ तेच तेच पत्ते परत येतात असा असू शकतो, आणि त्यावर पत्ते नीट पिसण्याचा नियम पुरेसा ठरतो. एकच तक्रार तीन वेगळ्या गटांकडून आली की ती दूर केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

१३. नियमपुस्तिका लिहा. क्रम असा ठेवा: खेळाडूंचे ध्येय, डाव कधी संपतो, मांडणी, एका पाळीत काय करायचे, एका पाळीचे पूर्ण उदाहरण, आणि शेवटी अपवाद. एका वस्तूला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच शब्द वापरा. ‘वाटा’ म्हटले तर पुढे त्याचेच ‘पाणी-गुण’ करू नका. शक्यतो एका वाक्यात एकच क्रिया सांगा. लिहून झाल्यावर सातवी-आठवीच्या मुलाला मोठ्याने वाचायला लावा. तो जिथे अडखळेल ते वाक्य पुन्हा लिहा.

१४. आपल्याशिवाय खेळ चालतो का ते तपासा. याला अंध चाचणी म्हणतात: रचनाकार हजर नसताना, फक्त डबा आणि पुस्तिका यांच्या आधाराने होणारा डाव. एक संच भुसावळच्या मित्राकडे, एक शिरपूरला, एक नंदुरबारला पाठवा. खेळाडूंच्या संमतीने डावाचे मोबाइलवर चित्रीकरण मागवा. सलग तीन गटांनी फोन न करता, नियम बरोबर पाळून डाव पूर्ण केला की रचना झाली असे समजा. तोवर चित्रकाराला आगाऊ रक्कम देऊ नका आणि छापखान्यात जाऊ नका.

हक्क आणि हिशेब

१५. कायद्याने काय जपता येते ते समजून घ्या. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३ प्रमाणे खेळ खेळण्याची पद्धत ही पेटंटयोग्य शोध धरली जात नाही. म्हणून नियमांच्या कल्पनेला कुलूप लावता येत नाही. पुस्तिकेतील मजकूर आणि चित्रे यांना कॉपीराइटचे संरक्षण असते, आणि खेळाच्या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करता येते. चित्रकाराशी लेखी करार करा आणि चित्रे कोणकोणत्या कामासाठी वापरता येतील हे त्यात स्पष्ट नमूद करा. चाचणीला आलेल्यांकडे संशयाने पाहू नका. कल्पना चोरीला जाण्यापेक्षा न तपासलेला खेळ छापला जाण्याने होणारे नुकसान कितीतरी जास्त संभवते.

१६. तीन मार्गांपैकी एक निवडा. पहिला, प्रकाशकाला खेळ देणे: खर्च त्यांचा, आणि रचनाकाराला घाऊक विक्रीवर साधारण ५ ते ८ टक्के स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी. दुसरा, स्वतः प्रकाशित करणे. मुंबईत घडलेल्या ‘शासन’ या राजकारणावरच्या खेळाने २०१९ मध्ये किकस्टार्टरवर आगाऊ नोंदणीतून भांडवल उभे केले होते. तिसरा, शाळा, संग्रहालय किंवा सामाजिक संस्थेसाठी ठरावीक मोबदल्यात खेळ रचून देणे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर खेळांतून शिकवण्यावर भर वाढला आहे, त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्यासाठी तिसरा मार्ग नियमित उत्पन्नाच्या सर्वांत जवळचा आहे.

१७. स्वतः छापायचे असेल तर आधी हा हिशेब मांडा. समजा, ५०० प्रती, प्रत्येकी २५० रुपये निर्मितीखर्च, म्हणजे १,२५,००० रुपये. चित्रे आणि मांडणीचे ६०,००० रुपये. एकूण १,८५,०००. छापील किंमत ९९९ रुपये. त्यातून ५ टक्के जीएसटी आणि दुकानदाराचे ४० टक्के वजा केले की सुमारे ५७१ रुपये उरतात. पाठवणीचे ६० गेले की ५११. म्हणजे ३६३ प्रती विकल्या गेल्यावर भांडवल सुटते. सगळ्या ५०० गेल्या तर ७०,५०० रुपये हाती येतात. ३०० च गेल्या तर ३१,७०० रुपयांचा तोटा होतो. दीड-दोन वर्षांच्या श्रमांपुढे हा आकडा ठेवला की पहिल्या सूचनेचे कारण लक्षात येईल. आपले दर भरून हाच तक्ता पुन्हा करा आणि कराचे लागू नियम सल्लागाराकडून तपासून घ्या. दुसऱ्या राज्यात माल विकायचा असल्यास जीएसटी नोंदणीचा प्रश्न आधी सोडवा.

निर्मिती आणि विक्री

१८. खेळाचा आकार तावावरून ठरवा. ६३ × ८८ मिलिमीटरचे पत्ते १३ × १९ इंची डिजिटल तावावर साधारण १८ बसतात. म्हणून ५४ पत्ते ३ तावांत होतात. ५५ वा पत्ता चौथा ताव मागतो. रचना संपत आली की पत्त्यांची संख्या या हिशेबाने आवरती घ्या. कार्ड ३०० जीएसएमचे घ्या, म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचे, आणि लॅमिनेशन दोन्ही बाजूंनी करून घ्या. एकाच बाजूने केले तर पत्ते वळतात. डब्यासाठी मिठाईचे किंवा लग्नपत्रिकांचे खोके बनवणाऱ्या स्थानिक कारागिराला आधी भेटा. नमुन्याचा एक डबा उन्हाळ्यात माळ्यावर आणि एक पावसाळ्यात उघड्या कपाटात आठवडाभर ठेवून पाहा.

१९. साचा बनवण्याची घाई करू नका. जळगावात पाइप आणि प्लॅस्टिक चटया बनवणारा मोठा उद्योग आहे, त्यामुळे प्लॅस्टिकचे काम जाणणारी माणसे जवळच भेटतात. पण स्वतःच्या आकाराच्या सोंगटीचा साचा हा एकदम करावा लागणारा मोठा खर्च आहे आणि तो ५०० प्रतींत भरून निघत नाही. पहिल्या आवृत्तीत तयार मिळणाऱ्या लाकडी किंवा प्लॅस्टिक सोंगट्या वापरा. साच्याचा विचार दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी करा.

२०. वयोगट विचारपूर्वक लिहा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतात आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. आपला खेळ मुलांसाठी असेल तर भारतीय मानक ब्युरोची प्रक्रिया, तिचा खर्च आणि वेळ सुरुवातीलाच धरा. डब्यावर ‘१४ वर्षांवरील’ असे लिहायचे असेल तर विषय, भाषा आणि जाहिरातही खरोखर त्या वयाचीच असू द्या.

२१. पहिल्या शंभर प्रती हातोहात विका. चाचणीला आलेले, शिक्षक, वाचनालये आणि पुस्तक प्रदर्शने हे आपले पहिले ग्राहक. प्रदर्शनात डबे रचून ठेवू नका, पट मांडून ठेवा आणि दहा मिनिटांत होणारा छोटा डाव खेळवा. विकलेल्या प्रत्येक प्रतीबरोबर नियमांच्या शंकांसाठी एक क्रमांक द्या. आलेली प्रत्येक शंका त्याच नोंदवहीत उतरवा. दुसरी आवृत्ती तिच्यातूनच घडते.

हा क्रम लांब वाटेल, पण यातल्या पहिल्या चौदा टप्प्यांना फारसे पैसे लागत नाहीत. लागतात कागद, कवड्या, माणसे आणि ऐकून घेण्याची सवय. पहिला नमुना या रविवारी कापा. त्यावर क्रमांक १ आणि तारीख लिहा आणि तो जपून ठेवा. साक्रीतल्या एखाद्या घरी पुढच्या आखाजीला आपला पट मांडला जाईल, कोणता फड पडीक ठेवायचा यावर चार जण वाद घालतील आणि त्यांतल्या कोणालाही आपले नाव ठाऊक नसेल. त्या दिवशी आपले काम नीट झाले असे समजा.